पाठमोरा काही आला नाही

मोठीच्या बोटांबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं तुम्हाला थाप वाटेल. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत ती एकोणीस वर्षं काचा घासत होती. पुढे काउंटरवर मालक गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम चढवून "वा, शोभून दिसतेय" म्हणायचे, आणि मागे ही बाई ओल्या चाकावर काच धरून ती त्या फ्रेमच्या मापाची करायची. काच झाली की डोळ्यांनी तपासायची नाही. कडेवरून उजव्या हाताचं पहिलं बोट एकदा फिरवायचं, बस. केसाएवढा टवका असला तरी बोट अडायचं. मालकांनी मध्यंतरी तपासणीचं यंत्र आणलं होतं. चार महिन्यांनी त्याच्यावर कॅलेंडर लटकायला लागलं.

घरात थोरली म्हणून मोठी, आणि दुकानातही मोठीच. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं तेवढंच. वय बेचाळीस. लग्न झालं नाही, म्हणजे ठरत आलं होतं आणि फिसकटलं, पण ते जाऊ द्या, त्याचा इथे काही संबंध नाही.

टॅरोचे, म्हणजे भविष्य बघायचे चित्रांचे पत्ते तिला दुकानातच मिळाले. एका गिऱ्हाइकाने दुरुस्तीला फ्रेम दिली आणि सोबतची पिशवी काउंटरवरच विसरून गेला. फ्रेम न्यायलाही आला नाही, पिशवीही न्यायला आला नाही. वर्षभर ती खणात पडून होती. शेवटी मालक म्हणाले, "ने बाई, नाहीतर कचऱ्यात जाईल." पिशवीत अठ्ठ्याहत्तर पत्ते निघाले. अर्थ सांगणारी पुस्तिका मात्र नव्हती. दुसरी कुणी असती तर कुठून तरी शोधून वाचलं असतं. मोठी हट्टी. म्हणाली, मी बघेन, मला काय दिसतं ते. तिने दोनशे पानांची वही आणली आणि एका आठवड्याला एक पत्ता असा अभ्यास लावला.

आणि अभ्यास म्हणजे काय अभ्यास! सोमवारी पत्ता समोर ठेवायचा आणि फक्त दिसेल ते लिहायचं. मंगळवारी माणूस कुठे बघतोय ते. बुधवारी त्याच्या पायांखाली काय आहे. गुरुवारी तो आपल्या ओळखीत कुणासारखा दिसतो. असं रविवारपर्यंत. पत्त्यांना नावंही तिनेच दिली. कड्याच्या टोकावर मान वर करून चाललेला पोरगा म्हणजे 'बघून चाल रे'. तलवारींवर तीन बदाम टोचलेले असा एक पत्ता असतो म्हणून ऐकून होती, प्रत्यक्षात तिथे एकच बदाम आणि तीन तलवारी निघाल्या, तर त्याचं नाव 'ऐकीव माहिती'. डोळे बांधलेली एक बाई आहे, भोवती आठ तलवारी रोवलेल्या. तिच्याबद्दल मोठीने लिहिलं होतं, "हिच्या पायांना दोरी नाही. मग ही जात का नाही? वेडी आहे का?" स्वतःच्या हाताने लिहिलं बाईने, आणि निवांत पान उलटलं.

एक पत्ता मात्र तिच्या काळजात घुसला. त्यात आठ पेले नीट एकावर एक रचून ठेवलेले आहेत आणि एक माणूस त्यांच्याकडे पाठ करून, काठी टेकत, डोंगराकडे निघालाय. त्याचं नाव तिने ठेवलं 'पाठमोरा'. त्याच्यावर तिने आठवडा नाही, तीन आठवडे घालवले. लिहिलं, "याने पेले फोडले नाहीत, लाथाडले नाहीत. सगळं आवरून निघालाय. तोंड दिसत नाही, त्यामुळे रडतोय की हसतोय ते कळत नाही. मला वाटतं दोन्ही." हा पत्ता ती डब्याच्या सुट्टीत दुकानातही न्यायची आणि चाकाशेजारी ठेवून त्याचं चित्र काढायची.

सगळे पत्ते संपेपर्यंत दीड वर्ष गेलं. आणि त्याच सुमाराला दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. न्हाणीघरात पाय घसरून आईचं खुब्याचं हाड मोडलं. आणि ढापणीचा फोन आला.

ढापणी म्हणजे मोठीच्याच शेजारच्या चाकावर पूर्वी बसणारी. सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा, म्हणून ढापणी. ती दूरच्या शहरात गेली आणि तिथे काचांच्या मोठ्या कारखान्याची मुख्य झाली. म्हणाली, "मोठी, ये इकडे. नव्या मुलींना शिकवायला कुणी नाही. राहायला खोली आहे, खिडकीतून तळं दिसतं. तुझ्या बोटांचं तिथे काय लोणचं घालतेस?"

मोठीला जायचं होतं. रात्रंदिवस तेच डोक्यात होतं. पण खुर्चीत आई. दोन खोल्यांचं घर, आणि दोन खोल्यांच्या मधल्या दारात आईची खुर्ची, कारण तिथून खिडकीही दिसते आणि स्वयंपाकघरही. पाणी प्यायला जायचं तरी "जरा पाय घे गं" म्हणावं लागायचं. मोठी उठली की आई विचारणार, "कुठे निघालीस?" अगं, घरात कुठे निघणार माणूस? दुकान सुटल्यावर दहा मिनिटं उशीर झाला तर फोन. लहान भाऊ दोन स्टॉप पलीकडे राहायचा. तो म्हणायचा, "ताई, आईला आमच्याकडे पाठव ना." मोठी ते शिष्टाचारात जमा करायची. लोक 'जेवून जा' म्हणतात तसंच हे, असं तिने वहीत लिहून टाकलं होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली होती बाईची.

मग तिने एक तोडगा काढला. मी म्हणतो, तोडगा कसला, स्वतःच्याच पायात अडकवून घेतलेला दोर. रोज सकाळी एक पत्ता काढायचा आणि वहीत लिहायचं. ज्या दिवशी पाठमोरा येईल, त्या दिवशी ढापणीला हो म्हणायचं. अठ्ठ्याहत्तरात एक, कधीतरी येणारच. तोपर्यंत आपण काही ठरवायला नको.

सकाळी चहा झाला की आईच्या खुर्चीपुढचं छोटं टेबल ओढायची, पत्ते पिसायची, पालथे पसरायची, डोळे मिटायची आणि सगळ्यांच्या कडांवरून बोट फिरवत जायची. बोट थांबेल तो पत्ता. आई समोर बसून बघत असायची. तिला दुसरं काय काम?

पहिल्या वर्षी पाठमोरा आला नाही. ढापणीने दुसऱ्या वर्षी पुन्हा विचारलं, "काय गं, ठरलं का?" मोठी म्हणाली, "आईचं बघायला हवं." तिसऱ्या वर्षीही तेच. पत्त्यांवर घातलेल्या अटीबद्दल तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. विचारलं की आई. मालकांनी विचारलं तरी आई, शेजारणीने विचारलं तरी आई. वहीत मात्र रोज चरफड. "आज राजा आला, हा जागचा हलत नाही." "आज दिवा घेतलेला म्हातारा. आईसारखा उभा राहून बघतोय." "आईने आज सात वेळा हाक मारली." अशी पानंच्या पानं भरली होती. दुकानात काचा, घरात आई, वहीत आई. श्वास घ्यायला म्हणून लिहायला बसायची आणि उठताना छाती आणखी आवळलेली असायची.

परवाच्या बुधवारी ढापणीचा पुन्हा फोन आला. या वेळी तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. "शनिवारी सकाळी दहाला मला नाव कळवायचंय. तू नाहीस तर दुसरी आहे. आणि राग मानू नकोस, यापुढे मी विचारणार नाही."

त्या संध्याकाळी मोठीने तिन्ही वर्षांच्या वह्या काढल्या. कुठला पत्ता किती वेळा आला, याच्या तिने रेघा मारायला घेतल्या. एक हजार शहाऐंशी दिवस भरले. 'बघून चाल रे' सोळा वेळा. 'ऐकीव माहिती' अकरा. डोळे बांधलेली बाई तब्बल तेवीस. बाकीचाही कुठला पत्ता नऊच्या खाली नव्हता. आणि पाठमोऱ्यापुढे एकही रेघ नाही. तिने पुन्हा मोजलं. नाहीच. तिला वाटलं, झालं, निकाल लागला. हजार वेळा विचारलं आणि हजार वेळा नाही म्हणून सांगितलं. आपल्या नशिबात हेच घर आहे, हीच खुर्ची ओलांडायची आहे मरेपर्यंत.

गुरुवारी दुकानात तिच्या हातून दोन काचा गेल्या. एकोणीस वर्षांत असं झालं नव्हतं. मालक मागे आले, चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "काय झालंय?" आणि तिने सगळं सांगून टाकलं. पत्ते, वह्या, पाठमोरा, रेघा, सगळं.

मालक म्हणजे हिशेबी डोक्याचा माणूस. नशीब वगैरे ऐकलं की त्यांना शिंका येतात. ते म्हणाले, "हजारात एकदाही नाही? बाकीचे दहा दहा, वीस वीस वेळा? हे नशिबाचं काम नाही, कुणाच्या तरी हाताचं आहे. आण उद्या ते पत्ते."

शुक्रवारी तिने आणले. मालकांनी तिच्या डोळ्यांवर पुसायचं फडकं बांधलं, पत्ते स्वतः पिसले, टेबलावर पालथे पसरले. म्हणाले, "कुठला तरी काढायचा नाही. पाठमोराच काढ."

"मला काय माहीत तो कुठे आहे?"

"फिरव बोट."

तिने बोट फिरवलं. पंचवीस-तीस पत्त्यांनंतर ते थांबलं. तिने पत्ता ओढला, फडकं वर केलं. पाठमोरा. मालकांनी पुन्हा पिसले. पुन्हा पाठमोरा. सहा वेळा केलं, सहाही वेळा पाठमोरा. मालकांनी पत्ता भिंगाखाली धरला. वरच्या कडेला, डोळ्याला दिसणार नाही अशी, बारीक खाच होती. चाकाशेजारी ठेवून चित्र काढायची ना, तेव्हा कधीतरी कड चाकाला घासली असणार.

"टवका आला की तू काच बाजूला करतेस," मालक म्हणाले. "एकोणीस वर्षं तेच करतेयस. इथेही तेच केलंस."

मोठीला आधी हसू आलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. मग तिला फार बरं वाटलं. म्हणजे नशीब आड आलेलं नाही! नुसती बोटांची सवय. कामाची खोड. ती अक्षरशः पळत घरी आली.

आई नेहमीच्या जागी होती. मोठीने टेबलावर पत्ता ठेवला आणि म्हणाली, "आई, मला तुला काही सांगायचंय."

आईने पत्त्याकडे पाहिलं. "सापडला वाटतं तुला," ती म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"दिवसभर मी काय करते असं वाटतं तुला? तू नऊला जातेस, सातला येतेस. वह्या कपाटात असतात. काठी धरून कपाटापर्यंत जाता येतं मला."

"तू माझ्या वह्या वाचतेस?"

"वाचते. माझ्या चष्म्याला तूच घासलेल्या काचा आहेत, स्वच्छ दिसतं सगळं." आईचा आवाज चढला नव्हता. "तो पत्ता आला की तू जाणार, हे मला तीन वर्षं माहीत आहे. सकाळी तुझं बोट फिरत यायचं, त्या पत्त्याशी अडायचं आणि टुणकन पुढे जायचं. रोज. एकदा तू आत गेलीस तेव्हा अडलेला पत्ता उलटून बघितला मी, तोच निघाला."

"मग सांगितलं का नाहीस?" मोठीचा आवाज फाटला. "तीन वर्षं, आई! तुला मी इथे कोंडून हवी होते, म्हणून?"

"हो," आई म्हणाली. "खोटं कशाला बोलू? तू गेली नाहीस की मला बरं वाटायचं. पण ऐक. गेल्या वर्षी एकदा तू पत्ते पसरलेस आणि दूध उतू जातंय म्हणून आत धावलीस. मी तो पत्ता शोधला. बाहेर ओढून ठेवला, बाकीच्यांच्या दोन बोटं पुढे, अगदी तुझ्या हाताखाली येईल असा. म्हटलं जाऊ दे, जाऊ दे पोरीला, माझं काय व्हायचं ते होईल. तू आलीस, डोळे मिटलेस. तुझं बोट बरोबर त्याच्यावर पडलं."

"मग?"

"तू त्याला आत ढकललंस. सगळ्यांच्या ओळीत नीट बसवलंस आणि पलीकडचा काढलास."

मोठीला ती सकाळ आठवत नव्हती. आठवायचा प्रयत्न करत होती आणि आठवत नव्हती, आणि तरीही आई खोटं बोलत नाही हे तिला पक्कं कळत होतं.

"आणि तुझ्या भावाने खोली रिकामी केली होती माझ्यासाठी," आई म्हणाली. "पलंगाला धरायला दांडी बसवली, न्हाणीघराचा उंबरा काढून टाकला. तीन वेळा बोलावलं तुला बघायला. गेलीस एकदा तरी? माझं ओझं होतं म्हणून वहीत लिहितेस. मी म्हणते, ओझं घ्यायला माणूस दारात उभा आहे, तर तूच दोन्ही हातांनी कवटाळून बसतेस. मला राग येतो, मोठे. मी अडचण आहे ते मला ठाऊक आहे. पण तू सांगतेस तेवढी नाही."

रात्री दोघी जेवल्या. मोठी 'जरा पाय घे' म्हणाली आणि आईने पाय घेतले, एवढंच.

शनिवारी तिने दुकानातून सुट्टी घेतली, आणि सकाळी पत्ते काढलेच नाहीत. भावाला मात्र फोन केला. मनात म्हणाली, आता हा आढेवेढे घेईल, मग बघू. भाऊ म्हणाला, "कधी येऊ गाडी घेऊन? आज येऊ?" एवढंच. मागून वहिनीचा आवाज आला, "आईंची उशी त्यांचीच आणा म्हणावं, नव्या उशीवर झोप लागायची नाही." मोठीने 'कळवते' म्हणून फोन ठेवला. तीन वर्षं ज्या दाराला ती आतून धडका मारत होती, ते दार लावलेलंच नव्हतं, आणि उघड्या दारासमोर तिचं पाऊल पुढे पडत नव्हतं. नवं शहर, अनोळखी मुली, खिडकीतलं तळं. 'बाई, हे कसं करायचं' म्हणून तिच्या तोंडाकडे बघणारे वीस चेहरे. आणि तिथे काही चुकलं तर ते तिचंच चुकणार, कुणाचं नाव पुढे करायला नाही. हे तिने एकाही वहीत लिहिलेलं नव्हतं.

दहाला फोन वाजला.

"बोल," ढापणी म्हणाली. "येतेस ना?"

"ढापणे, अगं काय आहे, आई..."

"माझं नाव घ्यायचं नाही." खुर्चीतून आई म्हणाली. हळूच, पण फोनमध्ये ऐकू जाईल एवढं. "यायचं नसेल तर नाही म्हण. पण माझं नाव घ्यायचं नाही."

मोठी फोन कानाला लावून उभी राहिली. ढापणीनेही घाई केली नाही. बाहेर रस्त्यावर कुणीतरी शटर वर करत होतं, ते पूर्ण वर गेलं.

"मला भीती वाटते," ती म्हणाली. "मी येत नाही. आईचं काही नाही, आईची सोय झाली आहे. मलाच भीती वाटते."

"आधी का नाही बोललीस?"

"मला आजच कळलं."

"बरं," ढापणी म्हणाली. तिचा आवाज मऊ झाला होता. "काळजी घे." आणि तिने फोन ठेवला.

मोठी आईसमोर येऊन टेबलाच्या कडेवर बसली. ती रडली नाही. रडू आलं असतं तर सोपं गेलं असतं. तीन वर्षं कुणावर तरी चिडून काढता आली होती. आता पुढची वर्षं होती, खोल्याही त्याच दोन होत्या, आणि चिडायला कुणी उरलं नव्हतं.

"काय म्हणाली ती?" आईने विचारलं.

"बरं म्हणाली."

आईने हात पुढे करून तिचा हात धरला. बराच वेळ धरून ठेवला.

"तू राहिलीस," आई म्हणाली, "मला बरं वाटायला हवं होतं गं. नाही वाटत."